भुसावळहून औलीला: पहिल्यांदा बर्फावर जाणाऱ्या कुटुंबासाठी

जानेवारीत आमच्या यावल-रावेर पट्ट्यात थंडी पडली की दोनच विषय निघतात. भरीत पार्टी कुणाच्या मळ्यात, आणि केळीवर चरका पडतो की काय. पारा आठ-नऊवर आला की आम्ही शेकोटीपासून हलत नाही. अशाच एका रात्री मी घरात सांगितलं की या वर्षी आपण बर्फात जाऊ, पोरं स्की शिकतील. आई म्हणाली, "कायले रे भो? येथे थंडी कमी हाये का?"

तरीही गेलो. आई, आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. त्यानंतर गल्लीतल्या, नात्यातल्या आणि मुलीच्या वर्गातल्या आईबापांनी इतक्या वेळा विचारलं की एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी मुद्द्याचं. औलीला जायचं तर तिथे निदान तीन पूर्ण दिवस, म्हणजे चार रात्री काढा. ते जमत नसेल तर या वर्षी जाऊ नका, तोरणमाळला जाऊन या. खान्देशातून तिथे पोचायलाच तीन दिवस लागतात. तेवढं करून एका दुपारी भाड्याच्या गमबुटात फोटो काढून परतणारी कुटुंबं आम्ही डोळ्यांनी पाहिली. पहिला दिवस शरीराला उंचीची सवय होण्यात जातो, दुसरा पडण्यात. तिसऱ्या दिवशी माणूस बर्फावर उभा राहतो.

औलीच का

गुलमर्ग मोठं आहे, गोंडोला म्हणजे बंद पाळण्यांचा रोपवे थेट उंच डोंगरावर नेतो, पण नवख्याला तिथला पसारा अंगावर येतो. मनालीजवळचं सोलंग खोरं जायला सोपं, पण हंगामात तिथे गर्दी आणि गाड्यांच्या रांगा. औली उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात आहे आणि आकाराने लहान आहे. साधारण अडीच ते तीन हजार मीटर उंचीवरचा एक मोठा उतार, त्याच्या कडेला थोडी हॉटेलं, चेअर लिफ्ट, नवशिक्यांसाठी खालचा सपाटसा भाग. पोरगं नजरेआड होत नाही. उतार मात्र पोरखेळ नाही. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतल्या स्कीच्या शर्यती इथेच झाल्या, आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण व स्कीइंग शिकवणारी संस्थाही इथेच आहे. सकाळी जवान ज्या झोकात खाली येतात ते पाहिलं की आपण काल काय करत होतो ते कळतं.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगतो. भुसावळ समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास, आणि महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे औलीच्या हॉटेलात तुम्ही झोपता ते कळसूबाईच्या माथ्याच्या हजारभर मीटर वर.

कधी, आणि बर्फाची खात्री कशी करायची

डिसेंबर अखेरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत हंगाम म्हणतात, पण मी म्हणेन जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी अखेर. नाताळात गर्दी भरपूर असते आणि बर्फ असेलच असं नाही. आपल्या शाळांना या काळात सुट्टी नसते, तेव्हा २६ जानेवारीला धरून रजा काढा. घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर विषयच संपला.

बर्फाचा भरवसा पावसासारखाच. गेल्या काही वर्षांत औलीला बर्फ उशिरा किंवा कमी पडल्याने स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या, रद्द कराव्या लागल्या. कृत्रिम बर्फ बनवायची यंत्रं आणि त्यासाठी बांधलेला तलाव तिथे आहे, पण त्या जोरावर कुटुंब घेऊन निघू नका. जाहिरातीतले फोटो कुठल्या सालचे असतात देव जाणे. निघण्याच्या आठ दिवस आधी हॉटेलवाल्याला व्हिडिओ कॉल करा आणि म्हणा, भाऊ, जरा बाहेर येऊन उतार दाखव. दाखवायला टाळाटाळ करणारा हॉटेलवाला आम्हाला भेटला होता. त्याचं बुकिंग सोडलं, दुसरीकडे केलं.

भुसावळ ते ऋषिकेश

भुसावळ जंक्शन असल्याचा इथे खरा उपयोग होतो. पंजाब मेलसारख्या गाड्या दिल्लीला जातात, तिथून हरिद्वारला रेल्वे किंवा बस. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जानेवारीत उत्तरेत धुकं असतं. ग्वाल्हेर-आग्र्याच्या पुढे गाडी किती तास रेंगाळेल याचा नेम नाही. दिल्लीत पुढच्या गाडीला दोन-तीन तासांचा फरक ठेवणं म्हणजे स्वतःच्या हाताने तिकीट फाडणं. रात्र दिल्लीत काढा, सकाळी निघा. पहिला दिवस रेल्वेत, दुसऱ्या दिवशी ऋषिकेशला मुक्काम, तिसऱ्या दिवशी पहाटे डोंगर. विमानाने जायचं असेल तर डेहराडूनचा जॉली ग्रँट विमानतळ ऋषिकेशच्या जवळ आहे. एक दिवस वाचतो, खिसा तेवढाच हलका होतो.

डोंगरातला दिवस

ऋषिकेशहून ज्योतिर्मठ साधारण अडीचशे किलोमीटर. ज्योतिर्मठ म्हणजे आपण ज्याला जोशीमठ म्हणतो तेच गाव. जळगावहून नाशिक अडीचशे, चार-पाच तासांत पोचू, हा हिशेब इथे चालत नाही. नऊ-दहा तास धरा. पहाटे पाच-सहाला निघालात तरच उजेडात पोचाल. अंधारात आणि रस्त्यावर गोठलेल्या पाण्यावर डोंगरातली गाडी नको. ऋषिकेशहून शेअर जीप आणि बसही मिळतात, पण लहान मुलं आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर गाडी ठरवून घ्या. ठरवताना विचारायचं ते असं: वर थेट औलीपर्यंत सोडणार की ज्योतिर्मठला उतरवणार? चाकांना बांधायच्या साखळ्या आहेत का? ताजा बर्फ पडला की शेवटच्या चौदा-पंधरा किलोमीटरला साध्या गाड्या चढत नाहीत, मग तिथल्या स्थानिक फोर बाय फोर गाड्या घ्याव्या लागतात.

ज्योतिर्मठ ते औली असा चार किलोमीटरचा रोपवे आहे. जुने प्रवासलेख वाचून त्याच्या भरवशावर निघू नका. २०२३ च्या जानेवारीत ज्योतिर्मठमध्ये जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले आणि तेव्हापासून रोपवे बंद करण्यात आला. निघण्यापूर्वी ताजी स्थिती विचारा, आणि बेत आखताना रस्त्यानेच जायचंय असं समजा.

वळणं संपत नाहीत. उलटीचा त्रास असणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा, सकाळी पोटभर खायला घालू नका, तोंडात आवळा सुपारी असू द्या, गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. आमच्या मुलाने देवप्रयागच्या आधीच कार्यक्रम उरकला.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हा दिवस म्हणजे यात्राच. आईला आम्ही सांगितलं, आपल्या चांगदेवला तापी-पूर्णा भेटतात ना, तसे संगम आज एकामागून एक लागतील. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात आणि तिथून नदीचं नाव गंगा होतं. पुढे रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी. पाचवा विष्णुप्रयाग ज्योतिर्मठच्याही पुढे आहे. हिवाळ्यात बद्रीनाथाची दारं बंद असतात, पण ज्योतिर्मठच्या नरसिंह मंदिरात दर्शन होतं. बर्फाला नाकं मुरडणारी आई त्या मंदिरानंतर म्हणाली, आता कुठेही ने.

पैसे ज्योतिर्मठलाच काढून घ्या. वर नेटवर्क गेलं की क्यूआर कोडचा कागद भिंतीवर नुसता लटकत असतो.

कपडे: कपाशीवाल्यांनो, कापूस घरी ठेवा

आपला प्रांत पांढऱ्या सोन्याचा. पण बर्फात सुती कपडा हा शत्रू. सुती बनियन घामाने आणि बर्फाने ओला होतो, वाळत नाही, आणि अंगातली ऊब शोषून घेतो. जीन्सचं तर नावच काढू नका. एकदा पडलात की गुडघ्यापासून खाली ओलं फडकं. आतून अंगाला चिकटून बसणारा थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, सर्वांत वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. वरचा थर तिथे भाड्याने मिळतो, विकत घेऊ नका. आपल्याकडे तो पुन्हा कधी घालणार?

विकत काय घ्यायचं ते सांगतो. थर्मल, लोकरी मोजे, कानटोपी आणि पाणी न शिरणारे हातमोजे. मुलांसाठी हातमोज्यांच्या दोन जोड्या, कारण पहिली अर्ध्या तासात भिजते. आमच्या सौभाग्यवतींनी दोन्ही मोज्यांना नाडी लावून ती जॅकेटच्या बाह्यांतून ओवली होती, बालवाडीतल्या पोरांसारखी. मुलगी लाजली, पण मोजा एकही हरवला नाही.

गॉगल ही चैन नाही. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि उंचीवर ते मुळातच जास्त असतात. उघड्या डोळ्यांनी दिवसभर बर्फावर राहिलात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं. सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा, ऊन खालूनही येतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत फिरणारी माणसं आपण, आपल्याला काय ऊन लागणार, असं मी म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी नाकाची साल निघाली.

पोचल्याचा दिवस

काहीही करू नका. सामान टाका, गरम पाणी प्या, हॉटेलाभोवती हळू चाला. या उंचीवर काहींचं डोकं दुखतं, भूक जाते, झोप लागत नाही. पाणी भरपूर प्या, दारू टाळा, आणि डोकेदुखीसोबत उलट्या, धाप किंवा तोल जाणं दिसलं तर वाट न पाहता खाली ज्योतिर्मठला उतरा. बीपी, हृदय किंवा दम्याचा त्रास असेल तर घरून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारायचं.

खोलीबद्दल एकच कडक सूचना. बंद खोलीत कोळशाची अंगीठी किंवा शेगडी पेटवून झोपू नका, कुणी कितीही प्रेमाने आणून दिली तरी. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. जाड रजया मागा, गरम पाण्याची पिशवी घरून न्या. नळ गोठतात, पाणी बादलीने येतं, त्यावर भांडू नका. मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते. फोन आतल्या खिशात ठेवा.

जेवण साधं आणि चांगलं. राजमा-भात, आलू के गुटके, मंडुव्याची रोटी, म्हणजे आपली नाचणीच. डाळ शिजायला वेळ लागतो कारण तिथे पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. तिखटाची सवय असलेल्या खान्देशी जिभेसाठी ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि शेव सोबत असू द्या. हॉटेलच्या आचाऱ्याने आमचा ठेचा चाखला आणि नंतर बराच वेळ बर्फाजवळ उभा होता.

बर्फावर

गढवाल मंडळ विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे स्की अभ्यासक्रम चालवतं. कॉलेजच्या मुलांना पाठवायचं असेल तर तेच उत्तम. कुटुंबाला तेवढा वेळ नसतो, मग स्थानिक प्रशिक्षक ठरवायचा. भाव उतारावर नाही, आदल्या संध्याकाळी करा. किती तास, किती जणांमागे एक शिक्षक, स्की, बूट, पोल (हातात धरायच्या काठ्या) आणि हेल्मेट त्यात धरलंय का, हे सगळं बोलून घ्या. एका शिक्षकामागे चारपेक्षा जास्त जण नकोत. "अंकलजी, बीस मिनट में सिखा दूँगा" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

बूट हा अर्धा खेळ. स्कीचा बूट प्लास्टिकचा, जड आणि कडक असतो, तो आरामदायक वाटणारच नाही. मोजा एकच घाला. दोन घातले की पाय आत सरकतो आणि रक्त नीट फिरत नाही, म्हणून उलट जास्त गारठतो. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे, गुडघे वाकवल्यावर थोडा मागे सरला पाहिजे, आणि टाच उचलता येता कामा नये. थर्मलची घडी बुटात अडकली तर दुपारपर्यंत नडगी सोलून निघेल. स्की उभी धरल्यावर नवख्याच्या हनुवटीपर्यंत यावी, त्याहून लांब घेऊ नका. आणि बुटाला धरून ठेवणारं बाइंडिंग तुमच्या वजनाप्रमाणे लावून मागा, म्हणजे पडल्यावर स्की सुटते आणि गुडघा पिळत नाही. मला हे माहीत नव्हतं. दुकानदाराने वजन विचारलं नाही, मीही बोललो नाही, आणि पहिल्या आपटीत गुडघा चार दिवसांसाठी गेला.

आता उभं कसं राहायचं. माणूस घाबरला की मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्की हातची जाते. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबा, हात समोर, नजर पायांकडे नाही तर पुढे. पहिला तासभर शिक्षक खाली सोडणारच नाही. सपाटीवर चालायला लावेल, मग उताराला आडवं उभं राहून एकेक पाऊल वर चढायला लावेल. कंटाळवाणं आहे, घाम निघतो, पण हे टाळणारा शिक्षक बदला.

मग ब्रेक. दोन्ही स्कींची टोकं जवळ, मागचा भाग फाकवलेला, आणि आतल्या कडा बर्फात दाबलेल्या. शिक्षक त्याला 'स्नो प्लाऊ' म्हणतात, पोरांना 'पिझ्झा' सांगतात. मला कळलं ते वखराने. वखराची पास मातीत जितकी रुतते तितके बैल जड चालतात. कडा बर्फात जितकी दाबाल तितका वेग मरतो. जास्त फाकवलं, जास्त दाबलं की थांबलात. वळायचं असेल तर एका पायावर भार द्या: उजव्या पायावर भार, डावीकडे वळण. हे उलटं डोक्यात बसायला मला अर्धा दिवस लागला, मुलीला दहा मिनिटं.

पडाल. वेग आवरेना झाला की मुद्दाम पडा, कुशीवर, बसल्यासारखं. हात मागे टेकवू नका, मनगट जातं. पोल हातातून सोडून द्या. उठताना आधी दोन्ही स्की तुमच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणा. त्या खाली तोंड करून असतील तर उठता उठता पुन्हा घसराल आणि लोक व्हिडिओ काढतील.

लहान मुलांना पोल देऊ नका, हात मोकळे राहिले की तोल लवकर येतो. दीड-दोन तासांनी त्यांना आत आणून कोरडं करा, गरम काहीतरी पाजा. बोटं पांढरी पडली किंवा बधिर झाली तर चोळायचं नाही. काखेत किंवा कोमट पाण्यात धरायची. दुपारी तीननंतर ऊन उतरलं की वितळलेला बर्फ पुन्हा गोठून काचेसारखा होतो. त्या वेळी नवख्याने उतारावर काही सिद्ध करू नये. बहुतेकांचे हातपाय शेवटच्या 'अजून एकदा'मध्येच मोडतात.

ज्यांना स्की करायचं नाही

आमची आई, गुडघेदुखीवाली. तिच्यासाठी चेअर लिफ्ट. सकाळी आभाळ निवळ असतं, तेव्हा पहिल्या फेऱ्यांत बसवा. चढताना-उतरताना खुर्ची पूर्ण थांबत नाही, म्हणून चालवणाऱ्याला आधी सांगा की माताजी हैं, तो वेग कमी करतो. वरून नंदादेवी दिसतं, ७८१६ मीटर, आणि द्रोणागिरीही. द्रोणागिरी म्हणजे संजीवनीचा डोंगर, असं तिथल्या पोराने आईला सांगितलं. तिने हात जोडले आणि त्याला म्हणाली, म्हणजे हनुमानाने सगळा नेलेला दिसत नाही.

गोरसोंचं कुरण वर तीनेक किलोमीटरवर आहे. निवळ दिवशी वाटाड्या घेऊन जा. ताजा बर्फ पडल्यावर एकटं-दुकटं वर जाऊ नये. देवदारांतून पायवाट दिसत नाही आणि उतारावरचा बर्फाचा भार कधी सुटेल ते सांगता येत नाही.

परत येताना

परतीच्या रेल्वे तिकिटाआधी एक दिवस कोरा ठेवा. बर्फ पडला की औलीचा रस्ता बंद होतो, खाली कुठेतरी दरड येते आणि गाडी तासन् तास उभी राहते. आमचा तो कोरा दिवस औलीतच गेला. रात्रभर बर्फ पडला, सकाळी खिडकी अर्धी बुजलेली, रस्ता साफ करणारं यंत्र दुपारनंतर आलं. मी तिकिटाच्या काळजीत फोनवर, आणि आई हॉटेलच्या पायरीवर नातवाला बर्फाचे भाकरीसारखे गोळे थापून दाखवत बसलेली. भाड्याच्या कपड्यांची अनामत रक्कम मात्र मी आदल्या संध्याकाळीच परत घेतली होती. तुम्हीही तसंच करा, कारण निघायच्या पहाटे ते दुकान उघडत नाही.